लाल निशाण काळं उतरलं पाहिजे

(दृश्य: हिवाळ्यातली सकाळ, आठ वाजलेत. बडा गणपतीकडून कृष्णपुऱ्याकडे जाणारा रस्ता. एका गुमटीचं, म्हणजे टपरीचं, शटर अर्ध्यावर.)

इंदूरच्या जुन्या वस्तीत चुन्याच्या भिंतीवर लाल रंगाची फुली किंवा रेघ दिसली, की बाकी काही विचारायची गरज उरत नाही. रस्ता रुंद व्हायचा आहे, रेघेच्या अलीकडचं जाणार आहे. याच रस्त्यावर ते होऊन गेलंय. दर्शनी भाग कापला गेला, की आतली खोली रस्त्यावर येते: निळीच्या चुन्याची भिंत, कोनाडा, कोनाड्याच्या माथ्यावर दिव्याची काजळी, आणि मध्येच संपलेला जिना. चार-सहा महिन्यांत तिथे नवं शटर बसतं.

अशी जागा कृष्णधवल टिपायची, तर पहिला प्रश्न त्या लाल निशाणाचाच.

(दृश्य: एकाच भिंतीचे तीन फोटो, शेजारी शेजारी.)

हे तिन्ही फोटो एकाच भिंतीचे आहेत. पहिला फिल्टरशिवाय, म्हणजे भिंगापुढे रंगीत काच न लावता: निशाण मधल्या राखाडी रंगाचं, नीट शोधलं तर सापडतं. दुसरा लाल फिल्टर लावून. आभाळ नाट्यमय काळं, भिंत झगझगीत, आणि निशाण जवळपास गायब. लाल फिल्टर लाल प्रकाश आत सोडतो, त्यामुळे लाल आणि पांढरा एकाच छटेचे होतात. ज्या कारणासाठी फोटो काढला, तेच पुसलं गेलं. आभाळाच्या मोहापायी ही चूक फार होते. तिसरा हिरव्या फिल्टरचा. निशाण काळं, ठसठशीत. हिरवा फिल्टर साधारण दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). पिवळा एक, नारिंगी दोन, लाल तीन. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर भिंगातून मोजत असेल, तर तो हे बरंचसं धरतो. हातातल्या मीटरने मोजलं, तर हिशेब आपला आपण करायचा.

लाला दीनदयाळ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करत, आणि १८७४च्या सुमारास इथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. हे निशाण त्यांच्या प्लेटवर आपोआप काळंच उतरलं असतं. आज तसंच हवं असेल, तर इलफर्ड कंपनीची ८० स्पीडची (स्पीड म्हणजे प्रकाशाला दाद देण्याचा वेग) ऑर्थो, म्हणजे लाल न दिसणारी, फिल्म मिळते; फिल्टरची कटकटच नको.

दुकानांच्या जुन्या पाट्यांना हाच न्याय. चमकदार लाल ऑइलपेंट उन्हाने आधी उडतो, गुलाबी होतो. गेरू मात्र लोहाचा, तो वर्षानुवर्षं टिकतो. पांढऱ्यावर उडालेली लाल अक्षरं वाचायची असतील तर हिरवा किंवा निळा फिल्टर. निळी अक्षरं असतील तर नारिंगी. हिरव्या पाटीवर लाल अक्षरं असली, की डोळ्याला भडक दिसणारी पाटी फिल्मवर सपाट राखाडी होते. तिथे नारिंगीने अक्षरं उजळतात आणि पाटी गडद होते.

(दृश्य: उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकते.)

हा रस्ता साधारण पश्चिम-पूर्व आहे. उत्तरेच्या रांगेतली घरं दक्षिणेला तोंड करून. डिसेंबरात सूर्य उगवताच त्यांच्या भिंतीवर ऊन पूर्वेकडून तिरकं येतं, आणि रंगाचे पापुद्रे, गिलाव्याचे पोपडे, खिळ्याची भोकं, सगळं उठून दिसतं. दक्षिणेच्या रांगेला डिसेंबरात थेट ऊन मिळतच नाही. तिचे फोटो दुपारी काढावेत. समोरच्या भिंतींवरून परतलेला प्रकाश तेव्हा भरपूर असतो आणि पाटीचा शब्द न् शब्द वाचता येतो. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली असल्याने जूनच्या उत्तरार्धात सूर्य किंचित उत्तरेकडून जातो, तेव्हा त्या भिंतींनाही दिवसभर तिरकं ऊन. पण तोवर ढग आलेले असतात.

आधी सरळ, समोरून फोटो काढा. तिरका, कलात्मक, मांजर असलेला, तो नंतर. सरळ फोटोवरून उद्या कुणाला दाराची रुंदी काढता येते, तिरक्यावरून नाही. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या छायाचित्रकार जोडप्याने १९५९पासून पाण्याच्या टाक्या आणि भट्ट्या अशाच टिपल्या: ढगाळ, सपाट प्रकाशात, नाक समोर ठेवून.

समोरून काढणं सोपं नाही, कारण मागे सरायला जागा नसते. ३५ मिलिमीटरच्या भिंगाचा हिशेब पाठ करून ठेवावा: जितकं अंतर, जवळपास तितकी रुंदी. रस्ता २० फूट, घर २२ फूट उंच. कॅमेरा उभा धरला तर चौकटीत सुमारे २० फूट उंची बसते. पण डोळा जमिनीपासून ५ फुटांवर असल्याने चौकटीचा मध्य तिथेच असतो. वर १५ फुटांपर्यंतच दिसतं आणि खाली ५ फूट रस्ता फुकट जातो. मग माणूस कॅमेरा वर झुकवतो, आणि घर मागे कलंडलेलं दिसतं. उपाय एकच: समोरच्या घराचा पहिल्या मजल्याचा सज्जा. १२ फुटांवरून कॅमेरा सरळ धरला, की पायथा थोडा सोडला तर छपरापर्यंत सगळं चौकटीत येतं. भिंतीला एक मीटरची पट्टी टेकवावी, दहा-दहा सेंटिमीटरवर काळी-पांढरी रंगवलेली. सर्वेक्षणवाल्यांची लाल-पांढरी काठी लाल फिल्टरमध्ये नुसती पांढरी दिसते.

सज्जा मागायला जाताना एक अडचण असते. गळ्यात मीटर आणि हातात पट्टी असलेला माणूस नगर निगमचा मोजणीवाला वाटतो, आणि दार बंद होतं. "काकू, निगमकडून नाही आलो, दुकानाचा फोटो काढायचाय, तुम्हालाही एक देतो," हे पायरीवरच सांगून टाकावं. आणि फोटो खरंच द्यावा.

(दृश्य: किराणा दुकान. बाहेर ऊन, आत अंधार.)

उघड्या दुकानात बाहेरचं ऊन आणि आतली फळी यांत सहा-सात स्टॉपचा फरक असतो. डबे दिसायला हवेत तर फळीच्या अंधारावर मोजा आणि दोन स्टॉप कमी द्या. ४०० स्पीडची एचपी-५ फिल्म अशा दिवशी २०० समजून वापरावी, म्हणजे दुप्पट प्रकाश द्यावा, आणि डेव्हलपरमधला (चित्र उमटवणाऱ्या रसायनातला) वेळ २० टक्क्यांनी कमी करावा. आयडी-११ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना १३ मिनिटं हा नेहमीचा वेळ, इथे साडेदहा. पहिली दहा सेकंद फिल्मची बंद टाकी चार वेळा उलटी करायची, मग दर मिनिटाला तेवढंच.

आता खरी गोम. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्यात २० अंश कुठून आणायचे? बादलीत बर्फाच्या पिशव्या सोडायच्या, बाटल्या त्यात उभ्या करायच्या. २४ अंशांवर थांबलात तर नेहमीचे १३ मिनिटांचे ९ होतात, तेही चालतं. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नये, आभाळात पट्टे येतात. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच बादलीत ठेवावं. डेव्हलपर थंड आणि पाणी गरम, असं झालं तर फिल्मवरचा मऊ झालेला थर सुरकुततो, आणि तो मग कशानेच सरळ होत नाही.

नर्मदेचा नळ दिवसाआड येत असेल, तर वाहत्या पाण्यात अर्धा तास धुणं परवडत नाही. फिल्मच्या टाकीत पाणी भरून ती ५ वेळा उलटी करा, ओता. पुन्हा भरून १०, मग २०. तीन भरण्यांत काम होतं, फक्त फिक्सर हार्डनर (थर कडक करणारं रसायन) नसलेला हवा. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यात, बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर सहजी निघत नाहीत.

डिजिटलवाल्यांनी रॉ फाइल काढावी, रंग आत राहतो. कृष्णधवल करताना लाल रंगाचा स्लायडर उजवीकडे सरकवला, की तिथेही निशाण पुसलं जातं.

(दृश्य: महूच्या पुढे, जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याचा सुटलेला तुकडा. बंद ढाबा, बाजेचा सांगाडा, कडेला किलोमीटरचा दगड.)

गावाबाहेर काम सोपं, जागा मोकळी. दगडावर तेवढं लक्ष ठेवा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्य मार्गाचं हिरवं. आभाळासाठी लावलेला पिवळा फिल्टर पिवळं डोकं पांढऱ्यात मिसळून टाकतो, आणि दगड कुठल्या रस्त्याचा तेच कळत नाही. फिल्टर काढा, एक फोटो तसाच घ्या.

प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने लिहायचं, शाईने नाही: "बडा गणपती ते कृष्णपुरा, उत्तरेची रांग. पाटी हिरवी, अक्षरं पिवळी. निशाण लाल, जमिनीपासून ४ फूट. फिल्टर हिरवा." आणि तारीख.