जुन्या गोव्याची लाल बॅसिलिका

(रस्त्यावरून दिसणारी बॅसिलिका, सकाळचं ऊन)

पणजीहून जुन्या गोव्याला येणाऱ्या सहलीच्या गाड्या याच चौकात रिकाम्या होतात. रस्त्याच्या एका अंगाला से कॅथेड्रल, पांढरंशुभ्र. दुसऱ्या अंगाला बॅसिलिका ऑफ बॉम जेझस, लालभडक. मोबाइल आधी लाल भिंतीकडेच वळतात. चारशे वर्षांपूर्वीही ही बॅसिलिका अशीच लाल होती, असं जवळपास सगळेच धरून चालतात. तशी ती नव्हती. म्हणूनच तिच्या भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा करावा का, असा वाद आहे.

(दर्शनी भाग, कॅमेरा खालून वर)

या चर्चचं बांधकाम २४ नोव्हेंबर १५९४ रोजी सुरू झालं. १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या हस्ते ते उपासनेसाठी खुलं झालं. बांधणारे जेझुइट संघाचे धर्मगुरू. माथ्यावरची आय एच एस ही अक्षरं म्हणजे त्यांच्या संघाची खूण. या दर्शनी भागातला काळा दगड नीट पाहा. खांब, चौकटी, नक्षीच्या पट्ट्या हे सगळं वसईहून आणलेल्या बसाल्टमध्ये कोरलेलं आहे. जांभ्यावर, म्हणजे इथल्या लाल दगडावर, इतकी बारीक छिन्नी चालत नाही. म्हणून कोरीव काम काळ्या दगडात आणि बाकीची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची.

(चिऱ्याचा क्लोज-अप, भिंतीवर फिरणारं बोट)

चिरा कोकणात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खाणीतून काढताना मऊ असतो, त्यामुळे हव्या त्या मापाचा तासता येतो. उघड्यावर वारा-ऊन लागलं की त्यातलं लोह घट्ट होतं आणि दगड टणक बनतो. पण त्याच्या अंगभर भोकं असतात आणि भोकांत माती. पाणी आत शिरलं की ती माती धुऊन निघते, भोक मोठं होतं, पुढच्या पावसात आणखी मोठं. इथे बोट फिरवलं की बोटाला तांबूस भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे ही भिंतच.

आपल्या वाडवडिलांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा करायची रीत पडली. शिंपले भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे, रेती मिसळून चुना मळायचा आणि भिंतीवर चढवायचा. वरून चुन्याची सफेदी, तीही पुन्हा पुन्हा. चुना पावसाचा मारा स्वतःच्या अंगावर घेतो आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेर सुकू देतो. सिमेंट ती आतच कोंडतं. झिजायचा तो चुना झिजतो, चिरा शाबूत राहतो.

(से कॅथेड्रलची पांढरी भिंत, मग सेंट कॅजेटनचा घुमट)

आजूबाजूची ही चर्च पाहा. से कॅथेड्रल, शेजारचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, पलीकडे सेंट कॅजेटन. इथेही पांढऱ्या थराखाली चिराच आहे. बॅसिलिकेच्या बाहेरच्या भिंतींवरही असाच गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो खरवडून काढला. वास्तू पुरातन दिसावी म्हणून उघडा दगड दाखवायचा, ही त्यामागची कल्पना. तेव्हापासून या भिंती पावसात उघड्या आहेत, आणि गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो.

(आतला भाग, सोनेरी वेदी, मग समाधी)

आत पाऊल टाकलं की नजर थेट मुख्य वेदीवर जाते. लाकडात कोरून सोन्याने मढवलेली, जमिनीपासून छतापर्यंत भिडलेली. खाली बाळ येशू, त्याच्या वर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस, नजर वर लावलेले.

उजव्या हाताला समाधी. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशान बेटावर संत फ्रान्सिस झेवियर वारले. देह आधी मलाक्काला नेला आणि १५५४ मध्ये गोव्यात आणला. गोव्याचे ख्रिस्ती त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि मेणबत्ती लावायला येणाऱ्यांत हिंदूही असतात. संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराचा, टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी पाठवलेला. तो १६९८ मध्ये इथे उभा राहिला. चौथऱ्यावरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. फोज्जिनीचं नाव सगळे घेतात. मला त्या चांदीच्या पत्र्यावर ठोके घालणाऱ्या गोमंतकीय हातांचं जास्त अप्रूप वाटतं.

दर दहा वर्षांनी ही पेटी खाली उतरवून तिच्यातला संतांचा देह समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी नेतात. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. एरवी तो याच छपराखाली असतो.

(छपराची कौलं, भिंतीवरची शेवाळाची काळी रेघ)

हे छप्पर गळत असल्याबद्दल २०२० मध्ये खुद्द बॅसिलिकेच्या रेक्टरांनी, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंनी, जाहीर आवाज उठवला. त्यानंतर छपराचं काम हाती घेतलं गेलं. भिंती तशाच राहिल्या.

(सेंट ऑगस्टिनचा मनोरा, झाडांमधून)

थोडं चालून मोंती सांतोच्या टेकडीवर आलं की चिरा निराधार झाल्यावर काय होतं, ते दिसतं. सेंट ऑगस्टिन चर्च १८३५ मध्ये ओस पडलं. १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा. उरलेला अर्धा हा असा उभा आहे.

(बॅसिलिकेची बाजूची भिंत, धिरे)

गिलाव्याला विरोध करणारे म्हणतात, लाल बॅसिलिका हीच आता गोव्याची ओळख आहे, आणि १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं तेव्हाही ती लालच होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण लाल रूपाला जेमतेम सत्तर वर्षं झाली, त्याआधी साडेतीन शतकं चुना होता. चुना पुन्हा काढताही येतो, झिजलेला चिरा भरून येत नाही. वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, तेव्हा निर्णयही त्यांचाच. सगळी इमारत एकदम पांढरी करा, असं मी म्हणत नाही. पावसाचा मार सर्वात जास्त खाणारी एक भिंत निवडावी, ती जुन्या पद्धतीच्या चुन्याने झाकावी, एक पावसाळा जाऊ द्यावा आणि आतली ओल मोजावी. मग पुढच्या भिंतीचं ठरवावं.