शेमीज आधी, झगा नंतर

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय कळल्यावर काही घरांत रेडिओचा आवाज कमी होईल आणि काही घरांत मुद्दाम वाढेल. जुन्या काळचे पोशाख शिवण्याचा छंद असलेली माणसं जगभर आहेत, आपल्याकडेही थोडी आहेत, त्यातली मी एक. माझा ओढा राणी व्हिक्टोरियाच्या काळाकडे, म्हणजे 1837 ते 1901, आणि त्यातही बायकांच्या आतल्या कपड्यांकडे. नातेवाइकांनी विचारलं तर मी "जुन्या पद्धतीचं शिवणकाम" असं मोघम सांगून मोकळी होते. तुम्हाला मात्र सरळ सांगते.

आतलेच कपडे का? कारण बाहेरचा झगा त्यांच्याच जिवावर उभा असतो. नवीन हौशी माणूस चित्रातला घेरदार मखमली झगा बघतो, भारी कापड आणतो आणि थेट तोच शिवायला घेतो. शिलाई सुबक असते, लेस उंची असते, पण अंगावर चढवला की झगा शाळेच्या स्नेहसंमेलनातला दिसतो. कंबरेला आडव्या सुरकुत्या पडतात आणि घेर पायांत घोटाळतो. शिवणाऱ्याच्या हातात खोट नसते. मूळ झगा बाईच्या उघड्या अंगाच्या मापाने बेतलेलाच नव्हता. तो बेतला होता कॉर्सेट, म्हणजे छाती-कंबर आवळून धरणारा ताठ कपडा, घातलेल्या आणि खाली घेराचा सांगाडा बांधलेल्या अंगावर. म्हणून आधी आतले थर शिवायचे, ते घालायचे आणि मग झग्यासाठी टेप हातात घ्यायची. यात पळवाट नाही.

सगळ्यात आत शेमीज. गुडघ्यापर्यंत पोचणारा, आखूड बाह्यांचा, सुती किंवा लिननचा सैल सदरा. दिसायला अगदी भोळा, पण त्याचं बेतणं बघा. शतकाच्या पूर्वार्धातल्या शेमीजमध्ये सगळे तुकडे सरळ रेषेतले असतात. एक लांब पट्टा खांद्यावर दुमडायचा. वरच्या बाजूने दोन्हीकडचे तिरके तुकडे कापायचे आणि तेच उलटे फिरवून खालच्या बाजूला जोडायचे. वर अंग अरुंद झालं, खाली घेर आला आणि कापडाची चिंधीसुद्धा वाया गेली नाही. बगलेत छोटा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा, म्हणजे हात वर केला तरी शिवण उसवत नाही. सगळ्या शिवणींच्या कडा आत दुमडून बंद करायच्या, कारण हा कपडा उकळत्या पाण्यात पडणार, बडवला जाणार, पिळायच्या यंत्राच्या लाटांमधून निघणार.

शेमीजचं काम हेच. रेशमी किंवा लोकरी झगा धुता येत नाही, कॉर्सेटही पाण्यात घालता येत नाही. अंगाचा घाम शेमीज पिते आणि पुन्हा पुन्हा धुतली जाते ती एकटी शेमीज. सिनेमात नायिकेच्या उघड्या पाठीवर कॉर्सेटची दोरी आवळताना दाखवतात ना, तिथे मला हसू आवरत नाही. कुठल्याही शहाण्या बाईने तो महागाचा कपडा घामट अंगावर चढवला नसता.

धुवायला अनेकांचे कपडे एकत्र जायचे, म्हणून शेमीजच्या काठाशी लाल दोऱ्याने फुलीच्या बारीक टाक्यात मालकिणीची आद्याक्षरं आणि आकडा भरलेला असायचा. आकडा डझनातला कितवा नग ते सांगतो, कारण लग्नाच्या वेळी असे कपडे डझनाच्या हिशेबात शिवले जात. मीही माझ्या शेमीजवर लाल दोऱ्याने आकडा भरते. कुणाला दिसत नाही, पण त्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

बटणांचीही गंमत आहे. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात बायका घरबसल्या दोऱ्याची बटणं करत. धातूच्या बारीक कडीवर दोरा घट्ट गुंडाळायचा, मग आरपार आऱ्या घालायच्या आणि मधून गोल गोल विणत जायचं. धुलाईत न फुटणारं मऊ बटण तयार. पुढे बटणं करणारी यंत्रं आली आणि 1850 नंतर हा धंदा पार बसला. पडद्याच्या लहान पितळी कड्या आणि क्रोशाचा दोरा एवढ्या भांडवलावर हे बटण आजही घरी होतं. संध्याकाळी मालिका बघता बघता दोन-तीन सहज होतात.

शेमीजनंतर ड्रॉवर्स, म्हणजे गुडघ्याखाली पोचणारी सैल विजार. आता जरा सांभाळून बोलते. या विजारीचे दोन पाय फक्त कंबरपट्टीला जोडलेले असतात, मधली शिवण उघडीच ठेवलेली असते. पहिल्यांदा नमुना बघणाऱ्याला वाटतं, शिवायचं राहून गेलं. पण विचार करा. कंबरपट्टीवर कॉर्सेट, त्यावर घेराचा सांगाडा, त्यावर परकर, त्यावर झगा. शौचाला जाताना हे सगळं सोडून विजार खाली कशी करणार? मधली शिवण उघडी असली की प्रश्न मिटला. खुद्द राणीसाहेबांच्या विजारीही अशाच. त्यातली एक 2008 साली इंग्लंडमध्ये लिलावात विकली गेली. कंबर 50 इंच, आणि कापडावर राणीची आद्याक्षरं.

मग मोजे, मग बूट. हो, बूट आधीच. कॉर्सेट आवळल्यावर कंबरेतून वाकता येत नाही, बुटाचे बंद कोण बांधणार? हा छंद असलेली माणसं एवढी एक गोष्ट कधी विसरत नाहीत.

आता कॉर्सेट. याच्याविषयी इतकं ऐकलेलं असतं की बिचाऱ्याला बोलायची संधीच मिळत नाही. बायका बेशुद्ध पडायच्या, कंबर सोळा इंचांची असायची, बरगड्या काढून टाकायच्या, एक ना दोन. बरगड्यांचं आधी बघू. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायला 1846 साली कुठे सुरुवात झाली, आणि जंतुनाशकं वापरून शस्त्रक्रिया करण्याची लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदाची पद्धत प्रसिद्ध झाली 1867 साली. साधी जखम चिघळून माणूस दगावण्याच्या त्या काळात फॅशनपायी कोण छाती उघडून घेईल? कंबरेच्या मापांचं म्हणाल, तर संग्रहालयातलं कॉर्सेट पूर्ण मिटवून मोजतात. अंगावर मात्र मागच्या बाजूला दोन-तीन इंचांची फट सोडून ते बांधलं जाई. शिवाय छातीला आणि नितंबांना भर दिली की कंबर आपोआप बारीक दिसते. आणि त्या काळचे फोटोवाले काचेवर कुंचला फिरवून बाईची कंबर कोरायचे, तेही विसरू नका. आवळून आवळून प्रकृती बिघडवून घेणाऱ्या बायका होत्याच, डॉक्टर त्यांच्यावर ओरडतही होते. पण त्यांच्यावरून सगळ्या काळाची कंबर मोजायला मी तयार नाही.

शिवायला घेतलं की कॉर्सेटविषयी आदर वाटायला लागतो. समोर पोलादाच्या दोन पट्ट्या. एकीवर घुंड्या, दुसरीवर त्या अडकवायच्या कड्या. या जोडणीमुळे मागची दोरी सैल करून बाई स्वतःच्या हाताने कॉर्सेट घालू-काढू शकते, मोलकरीण लागत नाही. मागे दोरी ओवायला धातूची भोकं. याचं पेटंट 1828 सालचं. त्याआधी भोकं दोऱ्याने काजासारखी भरत आणि जोराने ओढलं की ती फाटत. आत कंबरेच्या रेषेवर एक मजबूत फीत टाचलेली असते, सगळा ताण ती घेते. आणि उभ्या खोबणींत सरकवलेली "हाडं". ही खरी हाडं नव्हेत. देवमाशाच्या तोंडात पाणी गाळायला ज्या पट्ट्या असतात, त्या. आपली नखं ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याच्या. ऊब मिळाली की त्या लवतात, म्हणून वापरता वापरता कॉर्सेट मालकिणीच्या अंगाचा आकार घेतं. देवमासे कमी होत गेले तसा या पट्ट्यांचा भाव चढला, आणि 1883 साली अमेरिकेत वॉरन नावाच्या माणसाने टर्कीच्या पिसांच्या देठांपासून पर्यायी हाडं तयार केली.

आपण काय वापरायचं? पुण्यात बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात रुंद, जाड केबल टाय मिळतात. डोकं कापायचं, टोकं कानशीने गोल करायची, झालं. दुकानदार विचारतो, "वायरिंग कुठे चाललंय?" उत्तर द्यायची सक्ती नाही. कापड मात्र घट्ट विणीचं हवं. कॉर्सेटचं खास कापड इथे सहजी मिळत नाही, जाड सुती ड्रिल चालतं. खोबणीच्या दोन्ही टोकांना रंगीत रेशमाने पंख्यासारखे टाके भरतात. बघणाऱ्याला ती निव्वळ नक्षी वाटते, पण हाड कापड फाडून बाहेर येऊ नये म्हणून घातलेला तो बांध असतो. माझं सगळ्यात आवडतं काम हेच.

आणि घातल्यावर? मी कॉर्सेट घालून ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटल्या आहेत. पाठ भरून येत नाही. जमिनीवर बसून पोळपाट पुढ्यात घेतलं तर मात्र जमत नाही. खाली पडलेली वस्तू गुडघ्यात वाकून उचलावी लागते. काम करणाऱ्या बायकाही कॉर्सेट घालत. इंग्लंडमधल्या मार्केट हार्बरो गावच्या सिमिंग्टन कंपनीचं 1890 च्या सुमाराचं "प्रिटी हाउसमेड" नावाचं स्वस्त कॉर्सेट होतं, त्यात हाडं मोजकी आणि सुती दोऱ्यांचा भरणा जास्त.

आता घेराचा सांगाडा, क्रिनोलिन. पोलादी पट्ट्यांची वर्तुळं वर लहान, खाली मोठी, उभ्या फितींनी जोडलेली. उपडं घातलेलं कोंबड्यांचं डालगं डोळ्यांपुढे आणा, तसंच. 1856 साली याचं पेटंट निघालं आणि बायका खूश झाल्या. कारण त्याआधी तेवढा घेर दिसायला एकावर एक पाच-सहा परकर घालावे लागत आणि ते पायांत अडकत. सांगाड्यामुळे पाय मोकळे झाले. धोका होता तो आगीचा. आपला घेर शेकोटीपर्यंत कधी पोचला ते बाईला कळतच नसे. लेखक ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी 1871 साली आयर्लंडमध्ये एका मेजवानीत अशाच कपडे पेटून गेल्या.

क्रिनोलिनच्या भरभराटीची वर्षं आणि आपल्याकडची एक गोष्ट एकाच वेळची आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या बंद पडू लागल्या. मग गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथला कापूस मुंबई बंदरातून बोटी भरभरून निघाला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचं वेड लागलं, व्यापारी प्रेमचंद रायचंदांचं नाव घरोघर झालं, आणि 1865 साली युद्ध संपताच सगळं कोसळलं. हा कापूस तिकडे सरसकट "सुरती" म्हणून ओळखला जाई. धागा आखूड, सारखा तुटायचा, गिरणीकामगार वैतागलेले. "देवा, कापूस दे, पण सुरती नको" अशी प्रार्थना तिथे म्हणत, असं सांगतात. त्या वर्षांचा पांढरा परकर संग्रहालयाच्या काचेमागे दिसला की त्यात आपल्या काळ्या जमिनीचा किती भाग असेल, असं माझ्या मनात येतंच.

एवढं सगळं अंगावर वागवायला जड होतं का? होतं. 1881 साली लंडनमध्ये काही बायकांनी सुटसुटीत पोशाखासाठी संस्था काढली. आतल्या कपड्यांचं वजन बूट सोडून सात पौंडांपेक्षा जास्त असू नये, असा त्यांचा आग्रह. सात पौंड म्हणजे तीन किलोंहून अधिक. हा सुधारकांचा आकडा बरं का! बाकीच्या बायकांचा तुम्हीच ताडा.

मशीन वापरलं तर चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. खुशाल वापरा. सिंगरचं पेटंट 1851 चं, आणि 1860 नंतरची कॉर्सेटं तर बहुतेक मशीनचीच. कागदी मापाचे नमुनेही तेव्हापासूनचे. मॅसॅच्युसेट्समधल्या बटरिक नावाच्या शिंप्याने 1863 साली ते वेगवेगळ्या मापांत विकायला काढले. आणि अस्सल नमुने हवे असतील तर जॅनेट अर्नोल्ड या इंग्रज अभ्यासक बाईंचे उपकार मानायचे. संग्रहालयातले जुने कपडे शिवणीशिवणीने मोजून त्यांनी त्यांचे आराखडे काढून ठेवले आहेत.

"पण हे घालणार कुठे?" हा प्रश्न तर ठरलेला. पैठणी वर्षातून किती वेळा नेसतो आपण?

सुरुवात करायची असेल तर शेमीजपासून करा. तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडला मांजरपाट घ्या, अडीच-तीन मीटर पुरे. आणल्या दिवशी कात्री लावू नका. आधी रात्रभर पाण्यात भिजत घाला, उन्हात वाळवा, इस्त्री करा आणि मगच बेता. मांजरपाट चांगलंच आटतं.

नमस्कार.