दिवाळे एकाचे, सह्या घरच्यांच्या

धंदा बुडाला की बडोद्याच्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारात किंवा मांजलपूरच्या सोसायट्यांत लोक सहज म्हणून जातात, की अमक्यांचे घर बुडाले. कायद्याला मात्र घर नावाचा कर्जदार ठाऊक नाही. नादार, म्हणजे देणी फेडण्यास असमर्थ, ठरते ती एक व्यक्ती. तिची पत्नी, भाऊ, आईवडील किंवा मुले त्या आदेशात आपोआप येत नाहीत. ती येतात स्वतःच्या सहीने, आणि ही सही बहुतेक वेळा धंदा बरा चाललेला असताना, चहा घेता घेता, न वाचता केलेली असते.

इथे उदाहरणादाखल घेतलेले कुटुंब कल्पित आहे. त्यांच्यासमोर पसरलेले कागद मात्र कोणत्याही बँकेत भरून घेतात त्याच नमुन्याचे आहेत. घरातील कर्त्या पुरुषाचे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे छोटे युनिट होते. मोठ्या गिऱ्हाइकाने बिले थकवली, बँकेचे हप्ते राहिले, आणि ती खाच भरून काढण्यासाठी क्रेडिट कार्डे, पतपेढी व मित्रांकडील हातउसने अशी नवी देणी उभी राहिली. सलग 90 दिवस थकबाकी राहिल्यावर बँकेने खाते अनुत्पादक, म्हणजे वसुली थांबलेले, ठरवले. राहता फ्लॅट बँकेकडे तारण आहे.

कर्जाच्या फाइलमध्ये जिथे जिथे सही हवी होती, तिथे चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. पहिल्या पानावर तीन फोटो आहेत आणि प्रत्येकावर अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर उतरलेली सही आहे. पहिल्या फोटोखाली लिहिले आहे अर्जदार, दुसऱ्याखाली सहअर्जदार, तिसऱ्याखाली जामीनदार. दुसरा फोटो पत्नीचा, तिसरा धाकट्या भावाचा. "अरे, जामीन म्हणजे नुसता उपचार असतो," असे त्या दिवशी थोरल्याने सांगितले, आणि "दादा, तू सांगतोस म्हणजे ठीकच असणार," म्हणून धाकट्याने पेन उचलले. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 128 या बाबतीत निःसंदिग्ध आहे: करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी थोरल्याची मालमत्ता विकावी आणि मगच माझ्याकडे यावे, असे धाकट्याला सहसा म्हणता येत नाही. थोरला उद्या नादार ठरून मोकळा झाला, तरी धाकट्याचा जामीन त्याने सुटत नाही.

मग धाकट्याच्या पगाराचे काय, हा घरात सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगारातील पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. भत्त्यांचे बारकावे बाजूला ठेवले, तर 31,000 रुपये पगारातून महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये जातील, आणि न्यायालयाच्या एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात एकूण 24 महिन्यांपलीकडे चालत नाही. भविष्यनिर्वाह निधीला हात लागत नाही. ज्या घरात या आकड्यांऐवजी "सगळा पगार जाणार" ही अफवा आधी पोहोचते, तिथे दोन भावांचे बोलणे बंद होते, आणि तसे होणे कर्जापेक्षा जास्त नुकसानीचे ठरते.

सहअर्जदार असलेल्या पत्नीची स्थिती जामीनदाराहून अवघड आहे. तिचे स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचे असते आणि पतीच्या कर्जापोटी ते घेता येत नाही, हे खरे. परंतु तिने कर्जावर स्वतः सही केली असेल तर ती स्वतःच कर्जदार होते आणि तिचे दागिने तिच्या कर्जासाठी जप्तीस पात्र ठरतात. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्री अंगावरून उतरवू शकत नाही असा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, कलम 60 ने वगळला आहे. स्वयंपाकाची भांडी, आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे हीही वगळलेली आहेत. पतीने 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे विमा उतरवला असेल, तर धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, फसवण्याचा हेतू नसल्यास ती रक्कम धनकोंच्या हाती लागत नाही. ही सोय मात्र पॉलिसी घेतानाच करावी लागते आणि विमा विकणारा ती क्वचितच सांगतो.

फ्लॅटची गोष्ट वेगळी, कारण तो तारण आहे. सरफेसी, म्हणजे बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली, बँक आधी 60 दिवसांची मागणी नोटीस देते. या मुदतीत कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर बँकेने 15 दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. त्यानंतर बँकेने ताब्याचे पाऊल उचलले, तर त्याविरुद्ध 45 दिवसांच्या आत अहमदाबादच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. प्रत्यक्षात ही नोटीस बऱ्याच घरांत देव्हाऱ्याखालच्या खणात न उघडता पडून राहते, आणि एकरकमी तडजोडीची बोलणी करण्याचा जो काळ असतो, तोच निघून जातो.

नादारीचा अर्ज केला म्हणजे घर वाचेल, ही समजूत चुकीची आहे. तारण घेतलेला धनको नादारीच्या कामकाजाबाहेर राहून आपले तारण वसूल करू शकतो. हा अर्ज उपयोगी पडतो तो बिनतारणी देण्यांसाठी: क्रेडिट कार्डे, हातउसने, माल पुरवणाऱ्यांची बाकी. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. परंतु 1 डिसेंबर 2019 पासून तो अमलात आला आहे तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. त्यामुळे बडोद्यातील साध्या कर्जदाराला आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदा लागू पडतो आणि त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. पूर्वी हे न्यायालय सूरसागरजवळच्या न्यायमंदिरात होते. आता ते दिवाळीपुऱ्यात आहे.

न्यायालयाने नादार घोषित केल्यावर सूट मिळालेल्या वस्तू सोडून त्या व्यक्तीची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे, म्हणजे मालमत्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते, आणि त्यानंतर धनकोंना परवानगीशिवाय नवे दावे लावता येत नाहीत. एवढ्यावर सुटका होत नाही. देण्यांतून मुक्ततेचा आदेश वेगळा मागावा लागतो, आणि तो देताना न्यायालय मागील तीन वर्षांच्या वह्या नीट ठेवल्या होत्या का, देणे भागणार नाही हे कळूनही व्यापार चालू ठेवला का, जुगार, सट्टा किंवा उधळपट्टी झाली का, हे पाहते. मालमत्ता रुपयाला आठ आण्यांइतकी, म्हणजे देण्याच्या निम्मी, तरी निघते का, अशी मूळ कायद्याची भाषा आहे. तितकी न निघाल्यास त्यात आपला दोष नव्हता हे कर्जदाराने पटवून द्यावे लागते. मुक्ततेनंतरही सरकारी देणी, फसवणुकीतून झालेले देणे आणि पोटगी कायम राहते.

"फ्लॅट वहिनींच्या नावावर करून टाका" हा सल्ला अशा घरांत सर्वांत आधी येतो आणि सर्वांत महागात पडतो. प्रांतिक नादारी कायद्याच्या कलम 53 नुसार, अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण रिसीव्हरला रद्द करून घेता येते. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला, मग तो सख्खा मेहुणा का असेना, झुकते माप देण्याच्या हेतूने पैसे चुकते केले, तर तेही परत मागवले जाऊ शकतात.

तुरुंगाची भीती थोडी सुटी करून पाहिली पाहिजे. ऐपतच नाही म्हणून देणे थकले, तर तेवढ्यावरून दिवाणी कैद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये स्पष्ट केले आहे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. न वटलेला धनादेश हा मात्र फौजदारी विषय आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ओळखीच्या माणसाला दिलेले कोरे धनादेश किती आणि कोणाकडे आहेत, याची यादी बँकेच्या फाइलइतकीच महत्त्वाची आहे. बँकेच्या वसुली एजंटांनी सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; तिथे महिलांना उत्पन्नाची अट नाही.

राहिला कलाभवनात इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर घेतलेले बापाचे कर्ज केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाच्या माथी मारता येत नाही. बापाच्या पश्चात तो देणे लागतो ते वारशाने हाती आलेल्या मालमत्तेपुरतेच. याच घरात दांडिया बाजारातील आजोबांचे जुने घर आहे, आणि त्याचा विचार वेळीच करायला हवा, कारण मुक्ततेच्या आधी नादाराला वारशाने काही मिळाले तर तेही रिसीव्हरकडे जाते. घर आजोबांच्या स्वकष्टाचे असेल, तर ते मृत्युपत्राने थेट नातवाला देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. ते वडिलोपार्जित असेल, तर त्यात कर्जदार मुलाचा हिस्सा आजच आहे आणि त्या हिश्शापुरते मृत्युपत्र चालणार नाही. यांपैकी खरे काय, हे मूळ खरेदीखत आणि सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड समोर ठेवल्याशिवाय ठरत नाही.