क्लेअरकरांची वंशावळ

नमस्कार श्रोतेहो.

आज एका जुन्या घराण्याची वंशावळ उलगडू या. घराणं मूळचं फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलं, पण नशीब काढलं ते इंग्लंडात. नाव ‘द क्लेअर’. सफोकमधल्या क्लेअर गावावरून पडलेलं, म्हणजे आपल्या भाषेत क्लेअरकरच म्हणा ना!

नॉर्मंडीच्या विल्यमनं १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं आणि या घराण्यातल्या रिचर्डला तिथे जमिनी मिळाल्या. रिचर्डचे वडील गिल्बर्ट. मुलगा गिल्बर्ट. नातू पुन्हा रिचर्ड. पुढची दोन-अडीचशे वर्षं बहुतेक हीच दोन नावं आलटून पालटून येतात. नुसत्या नावावर विसंबलात तर आजोबा आणि नातू एकच होऊन बसतात. म्हणून जाणकार नाव बाजूला ठेवतात आणि जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते बघतात. मोठा जमीनदार वारला की राजाचा अधिकारी गावोगावच्या जाणत्यांना शपथेवर विचारायचा: जमीन किती, वारस कोण, त्याचं वय काय? आपल्या तलाठ्याकडच्या वारसनोंदीसारखंच हे. वंशावळ खरी सापडते ती या कागदांत.

आता १३१४ साली या. बॅनकबर्नची लढाई. शेवटचा गिल्बर्ट, वय अवघं तेवीस, इंग्लंडच्या बाजूनं लढताना पडला. समोर होता स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस. आणि हा रॉबर्ट परका होता का? छे! रॉबर्टची आजी आणि गिल्बर्टचे आजोबा सख्खी भावंडं. शिवाय दोघांच्या बायका आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या सरदाराच्या मुली, म्हणजे हे दोघे साडू! रॉबर्टनं त्याचा मृतदेह खंडणी न घेता परत पाठवला.

गिल्बर्टला मूल नव्हतं. वारस तीन बहिणी: एलिनॉर, मार्गारेट, एलिझाबेथ. पण वाटणी होईना, कारण विधवा मॉड म्हणाली, मी गरोदर आहे. नऊ महिने झाले, वर्ष झालं, दोन वर्षं झाली. तरी बाई गरोदरच! एलिनॉरचा नवरा ह्यू डिस्पेन्सर पक्का धूर्त, तोही वैतागला. राजाच्या दरबारातून त्याला उत्तर मिळालं की, शंका होती तर बायकांकरवी तपासणीचा हुकूम वेळेवर का नाही मागितलात? वाटणी झाली ती थेट १३१७ मध्ये. मॉडचं मला कौतुकच वाटतं.

घराण्याच्या थोरल्या शाखेचं नाव तिथे संपलं, रक्त मात्र मुलींकडून वाहत राहिलं. धाकटी एलिझाबेथ सत्ताविशीच्या आतच तीनदा विधवा झाली. पुढे केंब्रिजमधल्या एका कॉलेजला तिनं भरघोस देणगी दिली, आणि त्याला क्लेअर हे नाव पडलं. त्या कॉलेजची ढाल आजही पाहता येते. सोनेरी पृष्ठभागावर क्लेअरांचे तीन लाल कोनपट्टे, शेजारी तिच्या पहिल्या सासरचा लाल क्रूस, भोवती काळी किनार, आणि त्या किनारीवर सोनेरी थेंब. ते तिचे अश्रू आहेत, असं सांगतात.