प्लेबिनच्या एका ओळीमागे

डेस्कटॉपवर गाणी वाजवणारा प्रोग्राम लिहिताना एमपीथ्रीचा डिकोडर स्वतः लिहायची गरज नसते. लिनक्सवर जीस्ट्रीमर, लिबव्हीएलसी, लिबएमपीव्ही अशा लायब्रऱ्या तयार आहेत. २००८ साली केडीई या डेस्कटॉपच्या ४.० आवृत्तीत अशा लायब्रऱ्यांच्या डोक्यावर फोनॉन नावाचा आणखी एक थर आला. हवं ते इंजिन, म्हणजे हवी ती लायब्ररी, खाली जोडा, अशी कल्पना. पण असा थर सगळ्या इंजिनांना जेवढं जमतं तेवढंच देऊ शकतो. म्हणून माझं मत सरळ आहे: एक लायब्ररी निवडा आणि तिच्याशी थेट बोला. आज मुख्यतः जीस्ट्रीमरबद्दल.

प्लेबिन हा जीस्ट्रीमरचा एकच एलिमेंट (तयार भाग) बनवायचा, त्याला यूआरआय (वेब पत्त्याच्या धर्तीवरचा फाइलचा पत्ता) द्यायचा, स्टेट ‘प्लेइंग’ करायची, की आवाज येतो. आता फसतं कुठे ते पाहा. फाइलचा नुसता पाथ चालत नाही, आणि पाथच्या पुढे हाताने ‘फाइल’ हा शब्द व तिरप्या रेघा चिकटवणंही धोक्याचं. नावात टक्का किंवा हॅशचं चिन्ह आलं की तो यूआरआय मोडतो. रूपांतराचं तयार फंक्शन आहे, तेच वापरा. दुसरं, स्टेट बदलायला सांगितलं म्हणजे ती लगेच बदलली असं नाही. त्याच क्षणी गाण्याची लांबी विचाराल तर उत्तर मिळणार नाही. पाइपलाइन (जोडलेल्या एलिमेंटांची साखळी) निदान ‘पॉज्ड’पर्यंत पोचल्याचा निरोप बसवर, म्हणजे जीस्ट्रीमर तुमच्या प्रोग्रामला निरोप देतो त्या वाटेवर, येऊ द्या. बसवरचे एररचे निरोप तर वाचायलाच हवेत, नाहीतर प्रोग्राम गप्प बसतो आणि कारण कळत नाही.

आता टी, म्हणजे फाटे फोडणारा एलिमेंट. एकाच प्रवाहाला दोन फाटे फोडायचे, एक स्पीकरला आणि एक रेकॉर्डिंगला, तर प्रत्येक फाट्यात क्यू (डेटा रांगेत साठवणारा एलिमेंट) घाला. क्यू नसेल तर दोन्ही फाटे एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालतात. पहिला सिंक (फाट्याच्या टोकाचा एलिमेंट) पहिला बफर (डेटाचा तुकडा) घेऊन थांबतो, कारण सगळे सिंक तयार होईपर्यंत तो पुढे जात नाही. दुसऱ्याकडे मात्र काहीच पोचत नाही, कारण थ्रेड पहिल्याशीच अडकलाय. क्यूमुळे त्या फाट्याला स्वतःचा थ्रेड मिळतो. तरीही एक खोड उरते. क्यू मुळात २०० बफर, १० एमबी किंवा १ सेकंद, यांपैकी जे आधी भरेल तिथे थांबतो. व्हिडिओच्या एका फाट्यात एक्स२६४ हा व्हिडिओ आकुंचित करणारा एन्कोडर असेल, तर तो पहिली फ्रेम बाहेर काढण्याआधी बऱ्याच फ्रेमा पोटात साठवतो. तेवढ्यात दुसऱ्या फाट्याचा क्यू भरतो आणि सगळं ठप्प. क्यूच्या मर्यादा वाढवा, नाहीतर एन्कोडरला ‘झीरोलेटन्सी’ ट्यून द्या.

‘माझ्याकडे वाजतं, त्यांच्याकडे नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा प्लगिनची, म्हणजे जीस्ट्रीमरला जोडायच्या सुट्या भागांची, असते. बेस, गुड, अग्ली, बॅड असे संच आहेत. अग्लीतला कोड चांगलाच असतो, अडचण परवान्याची किंवा पेटंटची. बॅडमध्ये तपासणी, दस्तऐवज किंवा सांभाळणारा माणूस, यांतलं काहीतरी कमी असतं. पेटंट संपल्यावर १.१४ आवृत्तीत एमपीथ्रीचे प्लगिन अग्लीतून गुडमध्ये आले. संच बसवूनही वाजत नसेल तर जीएसटी-इन्स्पेक्ट या कमांडला ‘बी’ पर्याय देऊन पाहा. लोड न झालेले, काळ्या यादीत गेलेले प्लगिन दिसतील. मूळ कारण दूर केल्यावर होम फोल्डरमधल्या कॅशेतली रजिस्ट्री (प्लगिनांची साठवलेली यादी) पुसली की प्लगिनांची तपासणी नव्याने होते.

लिबएमपीव्ही घेतलीत तर एकच सापळा सांगून ठेवतो. आकड्यांचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) ‘सी’ नसेल तर ती सुरूच होत नाही, हँडलऐवजी (ती वापरायच्या दुव्याऐवजी) नल, म्हणजे रिकामं मूल्य, हातात देते. मराठी लोकेलमध्ये दशांशाला टिंबच असतं, तरी सुटका नाही, कारण ती लोकेलचं नाव तपासते. क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीचा अ‍ॅप्लिकेशन ऑब्जेक्ट बनताना लोकेल बदलतो. म्हणून आकड्यांचं लोकेल ‘सी’ करणारी ओळ त्याच्यानंतर आणि एमपीव्हीचं हँडल बनवण्याआधी लिहा.