थर्मासमधलं रक्त

मित्रहो, 'स्थानिक विज्ञानक्षमता', म्हणजे आपल्याच देशात संशोधन करण्याची ताकद, हा शब्द अनुदानाच्या अर्जांमध्ये इतका वापरला गेलाय की त्याच्या कडा पार झिजल्या आहेत. म्हणून मी एका थर्मासपासून सुरुवात करतो.

साल 1976. त्या वेळचा झैर, म्हणजे आजचा काँगो. यांबुकू नावाच्या गावी मिशनच्या दवाखान्यात माणसं तापाने पटापट मरत होती. झां-झाक मुयेंबे हे बेल्जियममध्ये विषाणूशास्त्र शिकून मायदेशी परतलेले तरुण डॉक्टर तिथे पोचले. टायफॉइड असेल, अशी पहिली अटकळ. पण हातमोज्यांशिवाय रक्त काढताना त्यांना दिसलं, की सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबतच नाही. हे टायफॉइडचं लक्षण नव्हे. एका आजारी ननला ते राजधानीत, किन्शासाला घेऊन आले. तिथे ती दगावली. तिच्या रक्ताच्या कुप्या बर्फ घातलेल्या थर्मासमधून विमानाने बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्रयोगशाळेत गेल्या. एक तर वाटेतच फुटली. पुढे विषाणू सापडला, जवळच्या नदीवरून त्याला एबोला नाव मिळालं, आणि शोधाच्या गोष्टीत मुयेंबेंचं नाव कित्येक वर्षं जेमतेम येत राहिलं.

श्रेयाचं दुःख आहेच. मला जास्त खटकतं ते वेगळंच. नमुना बाहेर गेला की त्याच्या पाठोपाठ प्रश्नही बाहेर जातो. दूरच्या प्रयोगशाळेत विचारतात, हा विषाणू कोणत्या कुळातला? खाटेपाशी उभा असलेला डॉक्टर विचारतो, याला देऊ काय? दोन्ही प्रश्न विज्ञानाचेच, पण दुसरा विचारायला तिथे कोणीतरी मुक्कामाला असावं लागतं.

मुयेंबे मुक्कामाला राहिले. 1995मध्ये किक्वितला साथ आली तेव्हा बऱ्या झालेल्या रुग्णांचं रक्त त्यांनी आठ आजाऱ्यांना दिलं. सात वाचले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे अनेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि शंका रास्तच होती. पण त्याच साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून, अकरा वर्षांनी, अमेरिकी सहकाऱ्यांच्या मदतीने जे प्रतिपिंड (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन) मिळालं, त्याचं पुढे औषध झालं. त्याची चाचणी काँगोतच झाली आणि 2020मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तेव्हा स्थानिक म्हणजे एकटं नव्हे. परदेशात जरूर शिकावं. परत आल्यावर बसायला खुर्ची आणि चालू स्थितीतला फ्रीझर असला म्हणजे झालं.

त्याच 2020मध्ये काँगोच्या पश्चिमेला, एम्बांडाकात एबोला पुन्हा उगवला. पूर्वेकडची जुनी साथ माणसांबरोबर इथवर आली, की जंगलातून नव्याने शिरकाव झाला? पहिल्या शक्यतेत संपर्कातली माणसं शोधत पूर्वेकडे जायचं, दुसरीत नजर जंगलाकडे वळवायची. विषाणूचा जनुकक्रम, म्हणजे त्याची आनुवंशिक ओळख, किन्शासातच लावला गेला आणि उत्तर लवकर मिळालं: शिरकाव नवा होता. थर्मास लागला नाही.

हवामानाचं बघा. मे 2023मध्ये किवू सरोवराभोवती, काँगो आणि रवांडात, पुरांनी आणि दरडींनी शेकडो माणसं मेली. त्या पावसात तापमानवाढीचा वाटा किती, हे तपासायला एक आंतरराष्ट्रीय गट बसला आणि शेवटी सांगता येत नाही म्हणाला. गणिती प्रारूपं होती, संगणक होते; त्या डोंगरांतल्या पावसाच्या भरवशाच्या नोंदी पुरेशा नव्हत्या. गेलेल्या वर्षांचा पाऊस आता कोणी मोजून देऊ शकत नाही. यंत्र उद्या विकत घेता येईल, मागची तीस वर्षं घेता येत नाहीत.

आणि नेमक्या तशाच नोंदी त्या देशात एकेकाळी झाल्या होत्या! काँगो नदीकाठी यांगांबी नावाचं संशोधन केंद्र आहे, वसाहतकाळातलं. 1930च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे दोन दशकं तिथे दर आठवड्याला हजारो झाडं बघून लिहून ठेवलं जाई: फुलोरा आला, फळ धरलं, पानं गळली. काम इतकं कंटाळवाणं, की असल्या कामाला बक्षीस मिळत नाही. पण विचार करा. पाऊस बदलला की फळांचा हंगाम हलतो. फळं हलली की फळं खाणारी वटवाघळं हलतात. आणि एबोला वटवाघळांतून येतो असा दाट संशय आहे. हवामान, जंगल आणि ताप एकाच वहीत! आपण मात्र त्यांची तीन खाती करतो, तीन निधी, तीन परिषदा.

आता यांगांबीत 55 मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. जंगल हवेतला कार्बन किती घेतं, किती सोडतं, ते तो मोजतो. उत्तम झालं.

समोरून चिठ्ठी आली आहे: 'गरीब देशांनी दवाखाने आधी बांधावेत की प्रयोगशाळा?' चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी विचारतो, यांबुकूत दवाखाना नव्हता का? होता, आणि त्याच दवाखान्याच्या पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांनी साथ पसरवली. हे कळायला रुग्णांच्या नोंदी चाळणारी माणसं लागली. त्यामुळे पैसा कुठे घालू असं मला विचाराल, तर इमारतीच्या आधी मी पगार लिहीन. पावसाचं भांडं रोज सकाळी बघणाऱ्याचा, यंत्र बिघडलं तर तिथल्या तिथे उघडणाऱ्या तंत्रज्ञाचा, पान बघून झाड ओळखणाऱ्याचा. तोही तीन वर्षांच्या प्रकल्पापुरता नाही, निवृत्तीपर्यंत. आता दुसरी चिठ्ठी द्या.