ढोलाच्या आतून येणारी कथा

श्रोतेहो, नमस्कार.

१९५६ साली काँगोच्या पूर्वेकडील घनदाट जंगलप्रदेशात, न्यांगा लोकांच्या वस्तीत, शे-कारिसी रुरेके नावाच्या कथेकऱ्याने म्विंडो या वीराची कथा सलग बारा दिवस सांगितली. डॅनियल बीबाइक हे मानववंशशास्त्रज्ञ आपल्या न्यांगा सहकाऱ्यांसह ती शब्दन् शब्द उतरवून घेत होते आणि पुढे १९६९ मध्ये ती मूळ न्यांगा पाठासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एकट्या माणसाने वाद्यांच्या साथीने उभे केलेले नाटक म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने या बारा दिवसांपासून सुरुवात करावी असे मला वाटते, म्हणून आजच्या भाषणाचा आरंभ मी तिथूनच करीत आहे.

रुरेकेच्या हातात वाळलेल्या भोपळ्याचा खुळखुळा असे. शेजारी काही तरुण बसलेले असत आणि त्यांच्यासमोर लहान काटक्यांवर आडवी टेकवलेली एक कठीण, सुकी काठी असे. ती जमिनीला लागत नसल्यामुळे तिचा आवाज दबत नसे. तरुण तिच्यावर टिपऱ्यांनी ठेका धरीत. एवढ्या सामग्रीवर रुरेके बोलत असे, गात असे, नाचत असे आणि एकेका पात्राचा अभिनय करीत असे. गाण्याची ओळ आली की ठेका धरणारे आणि भोवतीचे श्रोते ती उचलून पुन्हा म्हणत. कथा रंगात आली की ‘तो म्हणाला’ हे शब्द मागे पडत आणि कथेकरी सरळ ‘मी’ म्हणत म्विंडोच होऊन बोलू लागे; मधूनच तो पुन्हा रुरेके होई आणि स्वतःच्या थकव्याविषयी किंवा श्रोत्यांकडून मिळणाऱ्या भेटींविषयी दोन ओळी कथेतच गुंफून टाकी. एरवी गावात ही कथा अशी सबंध सांगितली जात नसे. संध्याकाळी खाण्यापिण्याची व्यवस्था करून एखादा प्रसंग ऐकण्याची रीत होती, आणि म्हणूनच बारा दिवसांचा तो प्रयोग सांगणाऱ्याला आणि लिहून घेणाऱ्यांना सारखाच दमवणारा ठरला.

आता त्या कथेतला एक प्रसंग ऐका. शेम्विंडो नावाचा राजा आपल्या राण्यांना बजावतो की मला मुलीच हव्यात, मुलगा झाला तर मी त्याला मारून टाकीन. त्याची आवडती राणी मुलाला जन्म देते, आणि हा मुलगा जन्मतःच चालतो, बोलतो आणि हातात चवरी घेऊनच येतो. बाप त्याच्यावर भाले फेकतो, पण एकही लागत नाही. मग तो त्याला पुरतो, तरी मुलगा बाहेर येतो. शेवटी राजा लाकूड कोरून एक ढोल तयार करवतो, मुलाला आत घालून वरून कातडे ताणून बसवतो आणि तो ढोल नदीत सोडून देतो. ढोल बुडत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या ढोलातून मुलाचे गाणे ऐकू येऊ लागते आणि ते गात गातच तो आपल्या आत्याच्या, इयांगुराच्या, शोधात निघतो.

हा प्रसंग प्रत्यक्ष प्रयोगात कसा ऐकू येत असेल याचा विचार करा. ढोलात कोंडलेला मुलगा गातो आहे असे कथेकरी सांगतो आणि पुढच्याच क्षणी ते गाणे स्वतः गाऊ लागतो, टिपऱ्यांचा ठेका चालूच असतो, आणि भोवतीची माणसे ध्रुवपद उचलतात. बापाने ज्याचा आवाज कायमचा बंद करायचे ठरवले होते, त्याचा आवाज आता सगळे गाव गाते आहे. मला या परंपरेविषयी जे सांगायचे आहे ते इथे आहे. यातले संगीत कथेची शोभा वाढवण्यासाठी बाहेरून आणलेले नाही, ते कथानकाचाच भाग आहे. वाद्य काढून घेतले तर प्रयोग फिका होतो एवढ्यावर भागत नाही, कथेतली घटनाच घडायची राहते.

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या माली आणि गिनी या देशांत, सांगितल्या जाणाऱ्या सुंजाताच्या महाकथेतही हेच दिसते. तेराव्या शतकात माली साम्राज्याची स्थापना करणारा हा राजा लहानपणी चालू शकत नव्हता. स्वयंपाकाला लागणाऱ्या बाओबाबच्या पानांवरून आईचा, सोगोलोनचा, अपमान झाला तेव्हा लोखंडी कांबीचा आधार घेऊन तो पहिल्यांदा उभा राहिला आणि बाओबाबचे झाडच उपटून त्याने आईच्या दाराशी आणून लावले, असे कथा सांगते. त्याचा शत्रू सुमाओरो कांते हा जादू जाणणारा राजा. त्याच्यापाशी एक बालाफोन असतो, म्हणजे लाकडी पट्ट्यांखाली भोपळे बांधलेले वाद्य, आणि त्याला हात लावण्याची कोणाचीही छाती नसते. सुंजाताचा कथेकरी बाला फासेके कुयाते त्या राजाच्या गैरहजेरीत वाद्यापाशी बसतो आणि वाजवू लागतो. सुमाओरो संतापून परत येतो, पण वादन ऐकून त्याचा राग ओसरतो, कारण कथेकरी तिथल्या तिथे त्याच्या स्तुतीचे गीत रचून गातो. मग राजा त्याला सोडायलाच तयार होत नाही. दोन राजांच्या वैराला इथे नवे कारण मिळते, आणि ते कारण म्हणजे एक कलावंत व एक वाद्य.

गिनीच्या उत्तर भागातील न्यागासोला या गावी आजही एक बालाफोन जपून ठेवलेला आहे आणि तो तोच आहे अशी तिथल्या कुयाते घराण्याची श्रद्धा आहे. सुमारे दीड मीटर लांबीचे, वीस पट्ट्यांचे हे वाद्य केवळ ठरावीक प्रसंगीच वाजवले जाते, आणि घराण्यातील मुलांना सात वर्षांच्या वयापासून बालाफोनचे शिक्षण मिळू लागते. युनेस्कोने २००१ साली या परंपरेचा मौखिक वारशात समावेश केला.

सुंजाताची ही कथा वंशपरंपरेने सांगणाऱ्यांना तिकडच्या मांडे भाषांत ‘जेली’ म्हणतात. युरोपीय लेखनामुळे ‘ग्रियो’ हा शब्द अधिक पसरला. मालीमधील किता येथे १९६८ साली फा-दिगी सिसोको या जेलीचे सुंजाता-कथन ध्वनिमुद्रित करण्यात आले. छापल्यावर त्याच्या तीन हजारांहून अधिक ओळी भरल्या. त्यात निवेदन, स्तुती आणि गाणे अशी तीन निराळ्या चालींची भाषा आलटून पालटून येते. निवेदनात गोष्ट पुढे सरकते. स्तुतीत ती थांबते आणि कुळांची नावे, म्हणी, पूर्वजांचे पराक्रम यांचा वेगवान, दाट मारा सुरू होतो. गाण्यात ती पुन्हा मोकळी होते. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीनंतर शेजारचा एक माणूस ‘नामू’ असे म्हणून होकार देत असतो. आपल्या शाहिराच्या मागे उभा राहून ‘जी जी’ म्हणणाऱ्या झीलकऱ्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना या माणसाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तो हुंकार देत असतो तोवर कथेकऱ्याला श्वास घ्यायला सवड मिळते, लय पडत नाही, आणि सांगितलेल्या गोष्टीला साक्षीदारही मिळतो.

जेलींच्या वाद्यांपैकी कोरा आज जगभर ओळखीचा झाला आहे. मोठ्या अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून केलेले, एकवीस तारांचे हे वाद्य दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी वाजवतात. अंगठ्यांनी एक आवर्तन सतत फिरत ठेवायचे आणि त्यावर तर्जनींनी ताना सोडायच्या, अशी वादनाची घडण असल्यामुळे एकच वादक कथेला जमीनही देतो आणि तिच्यावर नक्षीही काढतो. बोलणे सुरू झाले की ताना आवरतात आणि आवर्तन मात्र चालू राहते.

या कलेचे फार जुने वर्णन इब्न बतूता या प्रवाशाने करून ठेवले आहे. दिल्लीच्या सुलतानाच्या सेवेत असताना तो आपल्या दौलताबादलाही येऊन गेला होता. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, १३५२ साली, तो मालीच्या दरबारात पोहोचला. सणाच्या दिवशी राजाचा दुभाषी दुघा खुर्चीवर बसून भोपळे बांधलेले वाद्य वाजवतो आणि राजाची स्तुती गातो, असे तो लिहितो. कवी पिसांचा पक्ष्यासारखा वेष करून, लाकडी डोके आणि लाल चोच लावून राजापुढे उभे राहतात आणि त्याला बजावतात की या आसनावर पूर्वी अमुक राजे बसले, त्यांनी अमुक सत्कृत्ये केली, तूही अशी कृत्ये कर की जी मागे सांगितली जातील. प्रवाशाला तो वेष हास्यास्पद वाटला, परंतु कवीने राजाला तोंडावर सांगितलेले ते शब्द त्याने नोंदवून ठेवले, याबद्दल आपण त्याचे ऋणी राहिले पाहिजे.

हीच परंपरा विसाव्या शतकात नाट्यगृहात आली. सोतिगी कुयाते हे कुयाते या जेली घराण्यातले नट. त्यांचा जन्म १९३६ साली मालीत झाला आणि बुर्किना फासो ही त्यांची कर्मभूमी झाली. इंग्रज नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी १९८५ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे महाभारत रंगभूमीवर आणले तेव्हा त्यात भीष्माची भूमिका सोतिगी यांनी केली. उंच, सडपातळ देहाचा हा माणूस बोलायचा थांबला तरी प्रेक्षक ऐकतच राहत. राजघराण्यांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवणाऱ्या कुळातल्या माणसाकडे कुरुवंशाचा पितामह यावा ही निवड मला अतिशय योग्य वाटते.

मात्र नाट्यगृहात आल्यावर या कलेपुढे खरी अडचण उभी राहते. प्रेक्षक अंधारात आणि गप्प बसलेला असतो, दिवे फक्त कथेकऱ्यावर असतात, आणि वादकाला बहुधा रंगमंचाच्या कोपऱ्यात बसवले जाते. त्यामुळे जो प्रयोग मुळात अनेकांचा होता तो खरोखरच एकट्याचा होऊन बसतो. यावर उत्तम कथेकरी काय करतात? ते आरंभीच प्रेक्षकांना एखादी ओळ शिकवतात आणि योग्य जागी ती त्यांच्याकडून म्हणवून घेतात. वादकाला शेजारी घेतात, त्याच्याशी बोलतात, त्याला प्रश्न विचारतात, आणि त्याने वाद्यातून दिलेले उत्तर प्रेक्षकांना ऐकू येईल एवढा वेळ थांबतात. जिथे ध्वनिमुद्रित संगीत लावून असे प्रयोग केले जातात तिथे मला ते अपुरे वाटतात, कारण मुद्रित केलेला ठेका कथेकऱ्यासाठी थांबत नाही आणि त्याच्या मागेही येत नाही. आपल्याकडच्या महोत्सवांतून असे प्रयोग बोलावणाऱ्यांनी वादकाच्या प्रवासाचा खर्च वाचवू नये, आणि जाहिरातीत त्याचे नाव कथेकऱ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

सोतिगी कुयाते २०१० साली पॅरिसमध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र हसान कासी कुयाते हेही कथेकरी आणि दिग्दर्शक आहेत, आणि २०१९ पासून फ्रान्समधील लिमोज येथे भरणाऱ्या, फ्रेंच भाषेतून लिहिणाऱ्या जगभरच्या नाटककारांच्या महोत्सवाची धुरा त्यांनी सांभाळली आहे.